रुखवताचा हात आणि ईस्टरच्या टोपल्या

ससा अंडी घालत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली काही वर्षं ईस्टर जवळ आला की कोणी ना कोणी माझ्या दुकानात शिरतं, काचेमागच्या टोपलीकडे बोट दाखवतं आणि मला ही माहिती देतं. रिक्षावाले देतात, कुरियरवाला देतो, एकदा तर जनावरांच्या डॉक्टरांनी दिली. मी लातूरकडची आहे. ससे आणि कोंबड्या दोन्ही मी लहानपणापासून जवळून पाहिल्यात. पण टोपलीत दोघं शेजारी शेजारी छान दिसतात आणि माझा धंदा दिसण्याचा आहे.

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. नवरा चाकणला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये अडकलेला. मुलं शाळेत गेली की घर खायला उठायचं. म्हणून मी रुखवत करायला लागले. लग्नात मुलीकडचे टेबलावर जी आरास मांडतात ती. सुपारीचे नवरानवरी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन, रव्याचा बंगला, वर साखरेचं अँटेना. जोडीला ओटीच्या परड्या, डोहाळजेवणाची सजावट, साखरपुड्याची ताटं. पंचवीसेक वर्षं हेच केलं. गल्लीत मला नावाने कोणी ओळखत नाही, ‘रुखवतवाल्या काकू’ म्हटलं की लहान पोरंसुद्धा दुकान दाखवतात.

ईस्टर आमच्या दुकानात आणला तो ग्रेस टीचरनी. त्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात. एका लग्नात माझं रुखवत बघून दुसऱ्याच दिवशी हजर.

“काकू, तुम्ही सुपारीचा भटजी करता, त्याला जानवं घालता. मग माझ्या चाळीस पोरांना अंड्यांच्या टोपल्या करून द्यायला काय हरकत आहे?”

मी म्हटलं, टीचर, मला तुमचा सण आधी नीट सांगा. त्यांनी सांगितला. येशूला शुक्रवारी क्रुसावर दिलं, रविवारी पहाटे कबर पाहिली तर रिकामी, तो उठला होता. म्हणून आनंद, म्हणून अंडं, कारण कवच फुटून आतून नवा जीव बाहेर येतो. मला एकदम पटलं. आनंद, अंडी, टोपली आणि एप्रिलचं ऊन असा हा कारभार होता. ऊन सोडून बाकी सगळं सोपं वाटत होतं.

पण आमच्या घरी सासूबाई होत्या. नव्वदीला टेकलेल्या, आयुष्यात अंड्याला हात न लावलेल्या. ऑर्डर ऐकून त्यांनी जप थांबवला. “माझ्या ओट्यावर अंडी येणार असतील, तर मी धाकट्याकडे जाते.” मी समजावलं की ही चॉकलेटची अंडी आहेत, पलीकडच्या गल्लीतली शबाना साच्यात घालून करते, कोंबडीचा काही संबंध नाही. शबाना म्हणजे इम्रान मेकॅनिकची बायको, चॉकलेटात तिचा हात धरणारं कोणी नाही. सासूबाईंनी एक अंडं हातात घेतलं, वास घेतला, खाली ठेवलं. दुपारी मोजायला बसले तर तीन कमी. सासूबाई पाठ करून जप करत होत्या, आणि माळेला चॉकलेट लागलं होतं.

पुढे दरवर्षी फेब्रुवारी संपला की त्याच विचारायच्या, “त्या लोकांचा सण कधी आहे गं?”

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. टोपली कोणीही भरतं. बुरुडाकडून दुरडी आणायची, खाली गवत पसरायचं, वर वस्तू मांडायच्या, कागदात गुंडाळून फीत बांधायची. पण गिऱ्हाइकाला हवी असते ‘थीम’. हा शब्द ऐकून पहिल्या वर्षी मी घाबरले होते. मग लक्षात आलं की थीम म्हणजे तो माणूसच. तेव्हापासून मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. ज्याच्यासाठी टोपली आहे तो सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय शोधतो? कशावरून चिडतो? आणि कोणती जुनी वस्तू टाकून देत नाही? उत्तरं मिळाली की टोपली आपोआप भरते. एका नर्सबाईंची टोपली मी पाय शेकायच्या पिशवीवर उभी केली होती. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका पोराच्या टोपलीत शबानाने चॉकलेटची फोर्कलिफ्ट केली आणि तिच्या दोन दातांवर अंडं ठेवलं. त्याच्या आईने ती महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवली, खाऊ कोणाला दिली नाही.

फजित्याही कमी नाहीत. पहिल्या वर्षी खरं गवत हवं म्हणून मी पुनावळ्याला एका आबांच्या गोठ्यावर गेले. आबांनी विचारलं, “म्हशी किती हायेत तुमच्याकडं?” म्हटलं, म्हैस नाही, अंडी ठेवायचीत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अंडी उबवायची असत्याल तर कोंबडी लागती बाई, नुसत्या गवतानं व्हायचं न्हाई.” गवत दिलं, फुकट दिलं, आणि त्या गवतातून मुंग्यांचं अख्खं गाव माझ्या दुकानात राहायला आलं. शबानाची चाळीस अंडी एका दुपारीत जाळीदार झाली. तेव्हापासून मी कागदाचंच गवत वापरते.

दुसऱ्या वर्षी चाकणच्या एका कंपनीने परदेशी साहेबांसाठी टोपल्या मागवल्या. सकाळी निघालेली इम्रानची व्हॅन चाकणच्या चौकात कंटेनरांमध्ये अशी अडकली की उतरून पायी गेलो असतो तर आधी पोचलो असतो. मागून शबाना ओरडली, “काकू, ससे बसले!” वळून बघते तर उभे ससे खरंच बसले होते, मग आडवे झाले, मग त्यांचे कान कुठले आणि अंडी कुठली ते कळेना. आम्ही दोघी रडायच्या बेतात, आणि इम्रान स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतोय. त्या हसण्यातच मला पाडव्याच्या गाठी आठवल्या. साखरेच्या गाठी उन्हात दारावर लटकतात, कधी वितळल्यात का? दुसऱ्याच दिवशी गाठी करणाऱ्याकडे गेले, त्याला अंड्याचा साचा दिला आणि सांगितलं, ओत. तेव्हापासून लांब जाणाऱ्या टोपल्यांत माझी साखरेची अंडी असतात, गुलाबी, पिवळी, पोपटी. पिंपरी-चिंचवडमध्ये ही कल्पना माझी आहे, आता दुसरे कोणी करत असले तरी.

एका गोष्टीचं मात्र अजून वाईट वाटतं. एका घरची टोपली मी शुक्रवारी पाठवली. शुक्रवार आपला लक्ष्मीचा वार, शिवाय कंपन्यांना सुट्टी, म्हटलं सगळे घरी असतील. वर सहा फुगे बांधले आणि कार्डावर लिहिलं, गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा. त्या घरात सगळे उपास धरून, पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनेला बसले होते. ग्रेस टीचरनी फोनवर शांतपणे समजावलं, “काकू, तो आमचा दुःखाचा दिवस असतो.” मी स्वतः जाऊन माफी मागितली. त्या घरच्या आजी म्हणाल्या, जाऊ द्या, फुगे रविवारपर्यंत टिकतील. चांगली माणसं होती, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

इतकं शिकल्यावर माझ्याकडून ईस्टरची चूक होणार नाही अशी माझी खात्री होती. आणि मग साळवे मामा आले.

साळवे मामा दिघीचे. भोसरीच्या एका कारखान्यातून टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कपड्यांची इस्त्री अशी की बोट कापेल. दुकानात आल्या आल्या त्यांनी खिशातून मापायचा कॅलिपर काढला आणि माझी साखरेची अंडी मोजली.

“बाई, सगळी अंडी सारखी नाहीत.”

“कोंबडीची तरी असतात का मामा?”

“कोंबडीला ड्रॉइंग दिलेलं नसतं. तुम्हाला साचा दिलाय.” असं म्हणून त्यांनी वेगळी निघालेली दोन अंडी बाजूला काढली. शबाना आत जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

टोपली लेकीसाठी होती. मर्सी तिचं नाव. तिने तिच्या ऑफिसातल्या अमोलशी कोर्टात लग्न केलं होतं. मुलगा हिंदू, लग्न चर्चमध्ये नाही, म्हणून मामा गेले नाहीत. ती म्हणाली, तुम्ही आला नाहीत तर मीही येणार नाही. दोघंही एकाच मुशीतले. अडीच वर्षं झाली होती, ती पुनावळ्यात आणि हे दिघीत, मधे अख्खं शहर, आणि एकमेकांशी एका अक्षराचं बोलणं नाही.

मी माझे तीन प्रश्न विचारले. मामा तिन्हींत नापास झाले.

“टोपली तिची आई भरायची. ती गेली त्याला सात वर्षं झाली. आत काय असायचं ते मी कधी बघितलंच नाही,” ते म्हणाले. मग कॅलिपर खिशात ठेवत, “शाळेतून येताना बोरकूट खायची. त्यावरून मी रागवायचो.”

मी बोरकुटाच्या पुड्या लिहून घेतल्या. दोन दिवसांनी मामा पुन्हा आले आणि त्यांनी काउंटरवर पितळेचं एक अंडं ठेवलं. मित्राच्या वर्कशॉपमध्ये, लेथवर, स्वतः केलेलं. मधोमध फिरवलं की दोन भाग होत, आणि बंद केलं की जोड कुठे आहे ते नखालाही लागत नसे. मी आयुष्यभर सुबक वस्तू केल्या, पण अशी नाही केली. आत काय ठेवायचं विचारलं तर म्हणाले, रिकामंच राहू द्या, चिठ्ठीत काय लिहायचं ते मला येत नाही. सोबत बायकोने विणलेला पांढरा रुमाल आणला होता. टोपलीवर तोच झाकायचा, पारदर्शक कागद नको.

“आणि तुम्हीच नेऊन द्या. मी इथे बसतो. तिने दार लावून घेतलं तर मला काही सांगू नका, नुसती टोपली परत आणा. मी समजेन. मग पुन्हा पाठवणार नाही.”

आजवर टोपली परत आली नव्हती, आणि ही आली तर नुसती टोपली परत येणार नव्हती.

ईस्टरच्या रविवारी मामा चर्चमधून थेट दुकानात आले. त्याच संध्याकाळी माझ्याकडे एक मोठं डोहाळजेवण होतं, त्यामुळे टेबलावर एका बाजूला ओटीच्या परड्या ओळीने लावलेल्या आणि दुसऱ्या बाजूला मामांची टोपली. शबाना आत, मी भरतेय. मामा पाठमोरे, रस्त्याकडे बघत उभे. मी सहज बोलले, “लग्नानंतर पहिल्यांदाच पाठवताय ना काही?”

“हो. माहेराहून पहिल्यांदाच,” मामा म्हणाले.

बस्स. पंचवीस वर्षं ज्या हाताने ओट्या भरल्या, त्या हाताला हे वाक्य कानावर पडल्यावर दुसरं काही सुचत नाही. मी मामांकडेच बघत होते, त्यांच्या मानेवरची शीर उडत होती ती बघत होते, आणि हात त्यांचं काम करत होते. रुमाल झाकला, कडेने टाचला आणि निघाले.

इम्रानची व्हॅन पुनावळ्याच्या त्या सोसायटीच्या गेटातून आत शिरली आणि शबानाचा फोन आला.

“काकू, साखरेची अंडी इथेच राहिलीयेत.”

“सगळी?”

“सगळी. आणि ओटीतला एक नारळ कमी आहे. एक खण कमी आहे. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक… काकू, तुम्ही काय केलंत?”

माझी पाचावर धारण बसली. ईस्टरच्या टोपलीत मी ओटी भरली होती. ज्या बापाने हिंदू घर मानलं नाही म्हणून अडीच वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या नावाने मी तिला खणानारळाची ओटी पाठवत होते. मी इम्रानला म्हटलं, गाडी फिरव. पण वॉचमनने वर कळवून टाकलं होतं, आणि सातव्या मजल्याच्या गॅलरीतून एक मुलगी खाली बघत होती.

लिफ्टमध्ये मी रुमालाचे टाके उसवायचा प्रयत्न केला. माझेच टाके, पक्के. लिफ्ट उघडली तेव्हा दार उघडं होतं आणि दारात मर्सी. बापाचेच डोळे, बापासारखीच ताठ. टोपलीकडे तिचं लक्ष गेलं आणि रुमाल तिने ओळखला.

“आईचा,” एवढंच म्हणाली आणि टोपली माझ्या हातातून घेतली.

टेबलावर ठेवून तिने टाके तोडले, रुमाल उचलला, आणि ईस्टरच्या टोपलीतून पहिल्यांदा वर आला तो शेंडीवाला नारळ. मग खण. मग बोरकुटाच्या पुड्या, तांदळात रुतलेलं पितळेचं अंडं आणि त्याला टेकून बसलेली हळकुंडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. अमोल शिफ्टला गेला होता, पण त्याची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि टोपलीत डोकावली.

“अगं बाई! माहेरची ओटी आली की तुझी!”

त्या बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. अडीच वर्षं सोसायटीतल्या बायका त्यांना विचारत होत्या, तुमच्या सुनेला माहेर नाही का? मर्सी मात्र माझ्याकडेच बघत होती.

“नारळ ठेवायला पप्पांनी सांगितलं?”

आता मी काय बोलायचं? खरं सांगितलं तर टोपली परत. खोटं बोललं तर ते मामांच्या नावावर, आणि सणाच्या दिवशी. रुखवतात मी बेधडक थापा मारते, नवऱ्या मुलीने हे स्वतः केलंय म्हणून चारशे माणसांना सांगते. पण ही थाप मला मारवेना.

“त्यांनाच विचार ना,” मी म्हटलं आणि शबानाला फोन लावून स्पीकर सुरू केला. “शबाना, मामांना दे.”

तिकडचं नंतर शबानाने सांगितलं. तिने मामांना तेवढ्यात काही सांगितलं नव्हतं, धीरच झाला नव्हता. मामांनी फोन घेतला.

“पप्पा, मी मर्सी.”

पलीकडून नुसता डांगे चौकातला हॉर्न.

“पप्पा, टोपलीत नारळ आहे. खण आहे. तुम्ही ठेवायला सांगितलंत?”

शबाना म्हणते, मामांनी ओटीच्या परड्यांकडे बघितलं. शेवटच्या परडीत नारळाची जागा मोकळी होती. मग त्यांनी काउंटरवरच्या साखरेच्या अंड्यांकडे बघितलं, मग शबानाकडे. शबानाने तोंडावर हात ठेवला होता. चूक कुठे झाली हे फोरमनला सांगावं लागत नाही. तीस वर्षांत या माणसाने एक चुकीचा जॉब पास केला नव्हता, माझी दोन अंडीसुद्धा केली नव्हती.

“हो,” मामा म्हणाले. “मीच सांगितलं. का? लहान आहे का?”

मर्सी एकदम हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि नाक ओढत ती म्हणाली, “हो. लहान आहे.”

लहान नव्हता. नारळ मी स्वतः निवडून आणते.

“मग मोठा घेऊन येतो,” मामा म्हणाले.

इम्रानला मी तसाच पिटाळला. तो त्यांना घेऊन आला तोवर अमोलच्या आईने मला दोनदा चहा पाजला, पुरणपोळी करायची की मटण यावर माझा सल्ला घेतला आणि दोन्ही करायचं ठरवून टाकलं. मर्सी पितळेचं अंडं उघडत होती, बंद करत होती. आत काही नाही म्हणून मी ओशाळून सांगायला लागले, तर ती म्हणाली, “काकू, ईस्टरला रिकामंच असतं.”

मामा आले. बूट बाहेर काढले, ओळीत लावले. माझ्या ओटीच्या टेबलावरचा सगळ्यांत मोठा नारळ त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि तो कसा द्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. बापलेक समोरासमोर उभे. कोणी पाय उचलेना.

अमोलच्या आईच म्हणाल्या, “अहो व्याही, तिच्या पदरात घाला. खरं तर हे आम्हा बायकांचं काम, पण आज चालतंय.”

मर्सीच्या अंगावर चर्चला जायचा फ्रॉक होता, पदर कुठला. तिने टेबलावरचा आईचा रुमाल उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. मामांनी नारळ त्यात ठेवला, पण हात काढले नाहीत. ओटी भरताना काहीतरी म्हणायचं असतं एवढं त्यांना ठाऊक असावं. काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं.

“हॅपी ईस्टर, बाळा,” ते म्हणाले. मग मान वळवून त्यांनी मला विचारलं, “असंच ना, बाई?”

“असंच, मामा,” मी म्हटलं. “अगदी असंच.”